कॅमेऱ्याची बिनतारी सोयरीक

(द्वितीय वर्ष कला)

'बिनतारी' हा शब्द आपल्या भाषेत तारेच्या पाठोपाठ आला. आधी खांबाखांबांवरून धावणारी तार आली, तिच्यावरून निरोप जाऊ लागले. पुढे तारेवाचूनही निरोप जातो असे दिसले, तेव्हा लोकांनी त्याला सरळ 'बिनतारी' म्हटले. गंमत अशी की, आपल्या देशातली तारसेवा २०१३ च्या जुलैत कायमची बंद झाली आणि बिनतारीचे राज्य मात्र घरोघर पसरले. आज आपण त्याला वायफाय म्हणतो. हे नाव १९९९ साली बाजारासाठी म्हणून घडवून घेतलेले आहे. त्याची फोड करून अर्थ काढू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. मला विचाराल तर 'बिनतारी' हाच शब्द अधिक प्रामाणिक.

कॅमेरा अशा बिनतारी जाळ्याला कसा जोडतात, याविषयी मला या लेखात लिहायचे आहे. हा विषय कलाशाखेच्या विद्यार्थिनीने घ्यावा असा नाही, असे काहींना वाटेल. पण आपल्या महाविद्यालयात विज्ञानशाखा नाहीच. तेव्हा कुणाच्या शेताचा बांध कोरल्याचा आरोप तरी माझ्यावर येणार नाही.

आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. गेल्या दोन लग्नसराईंत मी तालुक्याच्या गावी एका छायाचित्रकारांकडे मदतनीस म्हणून जाते. त्यांना आम्ही सारे दादा म्हणतो. माझे काम मुख्यतः बायकांच्या बाजूचे: हळद, चुडा भरणे, ओटी. जिथे पुरुष कॅमेरा घेऊन उभा राहिला की बायका अवघडतात, तिथे मी जाते. माझ्या फीचा निम्मा भार या कामावर निघतो. पूर्वी अल्बम महिन्या-दीड महिन्याने मिळाला तरी चालत असे. आता नवरी बोहल्यावरून उतरायच्या आत नवरदेवाच्या मावसभावाला फोटो हातातल्या फोनवर हवा असतो, आणि तो तसा मिळाला नाही तर त्या भावकीतली पुढची सुपारी दुसऱ्या स्टुडिओला जाते. म्हणजे कॅमेऱ्यातून फोनमध्ये फोटो बिनतारी कसा न्यायचा, हा प्रश्न आमच्या पोटाशी जोडलेला आहे. कॅमेऱ्याबरोबर आलेली माहितीपुस्तिका इंग्रजीत होती. शब्दकोश शेजारी ठेवून ती वाचली. तिच्यातून आणि प्रत्यक्ष कामातून जे समजले, ते मांडते.

एक गोष्ट नीट समजली की अर्धे काम होते. बिनतारी जाळे आणि इंटरनेट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. रोजच्या बोलण्यात आपण 'वायफाय गेला' म्हणतो तेव्हा बहुधा इंटरनेट गेलेले असते. वायफाय ही गावातल्या गावातली पाऊलवाट समजा आणि इंटरनेट हा गावाबाहेरचा हमरस्ता. पाऊलवाट हमरस्त्याला मिळालीच पाहिजे असे नाही. कॅमेरा आणि फोन एकमेकांशी बोलतात तेव्हा दोघांमध्ये बहुतेक वेळा नुसती पाऊलवाट असते, आणि तेवढीच पुरते.

ही पाऊलवाट कॅमेरा स्वतःच तयार करतो. त्याच्या यादीत जाऊन बिनतारी जोडणी सुरू करायची. विमानातली अवस्था चालू असेल तर ती आधी बंद करायची, कारण तिच्यात सगळे रेडिओ मुके होतात. मग 'स्मार्टफोनला जोडा' अशा अर्थाचा पर्याय निवडायचा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक नाव आणि एक परवलीचा शब्द उमटतो. काही कॅमेरे त्याऐवजी चौकटी-चौकटींचे क्यूआर चित्र दाखवतात. फोनच्या वायफायच्या यादीत तेच नाव शोधायचे, परवलीचा शब्द टाकायचा आणि मग कॅमेऱ्याच्या कंपनीचे अ‍ॅप उघडायचे. कॅननचे 'कॅमेरा कनेक्ट', निकॉनचे 'स्नॅपब्रिज', असे प्रत्येकाचे आपले. अ‍ॅपमध्ये कार्डावरचे फोटो लहान आकारात दिसू लागले की सोयरीक जमली.

इतके सोपे असते तर लेख इथेच संपला असता. पण नेमके या वेळी फोन रुसतो. तो पाहतो की, आपण एका जाळ्याला जोडले गेलो खरे, पण या जाळ्यातून इंटरनेट काही मिळत नाही. त्याच्या दृष्टीने हे जाळे निरुपयोगी! मग तो विचारतो, 'इथे इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहायचे का?' घाईत माणूस नाही म्हणतो, किंवा प्रश्नाकडे लक्षच जात नाही आणि फोन आपला आपण घरच्या ओळखीच्या वायफायकडे किंवा मोबाइल डेटाकडे परत पळतो. अ‍ॅप कॅमेरा शोधत बसते आणि आपण कॅमेऱ्याला दोष देत बसतो. त्या प्रश्नाला ठामपणे 'हो' म्हणायचे. तरीही फोन ऐकत नसेल तर तेवढ्यापुरता मोबाइल डेटा बंद ठेवायचा. आमच्या स्टुडिओत येणाऱ्या तक्रारींत सर्वाधिक तक्रारी या एकाच रुसव्याच्या असतात.

दुसरी अडचण परवानग्यांची. अ‍ॅप पहिल्यांदा उघडले की फोन विचारतो, 'या अ‍ॅपला तुमचे ठिकाण कळू द्यायचे का?' फोटो पाहायला माझे ठिकाण कशाला, असे वाटून कुणीही सावध माणूस नकार देईल. पण कारण असे आहे की, आसपास कोणकोणती वायफाय जाळी आहेत हे कळले की माणूस कुठे उभा आहे हेही ताडता येते. म्हणून अँड्रॉइडने २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून जाळी हुडकणाऱ्या अ‍ॅपला ठिकाणाची परवानगी मागायला लावली. २०२२ च्या तेराव्या आवृत्तीत त्यासाठी 'जवळपासची उपकरणे' अशी वेगळी परवानगी आली. आयफोनवर २०२० पासून 'स्थानिक जाळे' वापरू द्यायचे का, असे विचारले जाते. तिथे एकदा नकार दिला की पुन्हा प्रश्न येत नाही; सेटिंगमध्ये जाऊन तो नकार मागे घ्यावा लागतो.

नव्या कॅमेऱ्यांत या दोघांच्या मध्ये एक मध्यस्थ असतो, तो म्हणजे ब्लूटूथ. २०१० साली ठरलेल्या ब्लूटूथच्या ४.० आवृत्तीत अत्यंत कमी वीज खाणारा एक प्रकार आला. कॅमेरा त्याच्या आधारे फोनशी दिवसभर बारीक आवाजात बोलत राहतो: वेळ काय झाली, आपण कुठे आहोत, नवा फोटो आला का. मोठे ओझे वाहायची वेळ आली की मध्यस्थ वायफायला हाक मारतो आणि बाजूला होतो. निकॉनने २०१६ साली आणलेल्या स्नॅपब्रिजमध्ये तर २ मेगापिक्सेलची लहान प्रत ब्लूटूथवरूनच आपोआप फोनमध्ये उतरते. मावसभावाला स्टेटससाठी तेवढी पुरेशी. अल्बमला ती चालत नाही, हे मात्र गिऱ्हाइकाला आधीच सांगावे लागते, नाहीतर त्या छोट्या प्रतीवरून भिंतीएवढी चौकट मागायला लोक येतात.

कॅमेऱ्याने स्वतःचे जाळे न करता आधीच असलेल्या जाळ्यात जायचे, असाही मार्ग आहे. घरचा किंवा स्टुडिओतला राउटर असेल तर हा मार्ग बरा; एकदा परवलीचा शब्द घातला की कॅमेरा तो लक्षात ठेवतो. राउटर त्याला एक पत्ता देतो, आकड्यांचा, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. असे पत्ते आपल्या वाड्यातल्या खोल्यांच्या क्रमांकांसारखे असतात. वाड्याबाहेरच्या पोस्टमनला त्यांचा काही उपयोग नाही. हा पत्ता मिळाला नाही तर नाव आणि परवलीचा शब्द बरोबर असूनही जोडणी होत नाही. तेव्हा कॅमेऱ्यात पत्ता 'आपोआप' घेण्याची सोय चालू आहे ना, ते पाहावे.

मंगल कार्यालयाच्या वायफायवर मात्र माझा भरवसा नाही. तिथे जोडले की फोनवर एक पान उघडते; त्यात मोबाइल क्रमांक टाका, आलेला आकडा टाका, अटी मान्य करा. फोनला हे जमते. साध्या कॅमेऱ्याला असे पान उघडता येत नाही. तो बिचारा दाराशी ताटकळत राहतो. काही ठिकाणी दार उघडे असते, पण आत गेलेल्या पाहुण्यांनी एकमेकांशी बोलायचे नाही असा राउटरचा दंडक असतो. सुरक्षिततेसाठी तो योग्यच आहे, पण मग एकाच जाळ्यात असूनही फोनला कॅमेरा दिसत नाही. अशा वेळी फोनचा हॉटस्पॉट चालू करून कॅमेऱ्याला त्यात घ्यावे.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. बिनतारी जाळी मुख्यतः दोन पट्ट्यांत चालतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. आपल्याकडे २.४ चा पट्टा २००५ च्या जानेवारीत परवानामुक्त झाला. ५ च्या पट्ट्याला आधी घरात-कार्यालयात मुभा मिळाली आणि २०१८ च्या ऑक्टोबरात उघड्यावरही. पुष्कळ कॅमेऱ्यांना फक्त २.४ ची भाषा येते. फोनचा हॉटस्पॉट ५ वर लावलेला असेल तर अशा कॅमेऱ्याच्या यादीत तो येतच नाही. नाव चुकले, शब्द चुकला अशा शंका घेत बसण्याआधी हॉटस्पॉटचा पट्टा २.४ वर आणावा. आयफोनच्या अलीकडच्या नमुन्यांत त्यासाठी 'जास्तीत जास्त सुसंगतता' अशा अर्थाची कळ आहे. तसेच राउटर केवळ डब्ल्यूपीए३ या २०१८ च्या नव्या कुलपावर ठेवला असेल तर जुना कॅमेरा आत येऊ शकत नाही. त्याला २००४ चे डब्ल्यूपीए२ हेच कुलूप ठाऊक असते. पण म्हणून कुलूपच काढून टाकू नये. जुने आणि नवे दोन्ही चालेल अशी मिश्र सोय राउटरमध्ये बहुधा असते.

आता मराठीच्या विद्यार्थिनीला विशेष रस वाटेल अशा एका बाबीकडे वळते. जाळ्याला नाव देवनागरीत देता येते का? येते. पण त्या नावाला जागा असते जास्तीत जास्त ३२ बाइटांची. इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो. आपल्या लिपीत मूळ अक्षर, काना-मात्रा-वेलांटी, जोडाक्षरातला हलन्त, ही सारी वेगवेगळी चिन्हे धरली जातात आणि सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत अशा प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे जेमतेम १० चिन्हे! 'महाविद्यालय' हा शब्द मी मोजून पाहिला: म, ह, काना, व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, ल, य. चिन्हे ११, बाइट ३३. एका बाइटाने महाविद्यालय बाहेर राहिले. 'कॉलेज' मात्र १५ बाइटांत पाय पसरून बसते. तासाला शुद्ध मराठी शब्दाचा आग्रह धरणाऱ्या आमच्या सरांना हे सांगितले, तेव्हा ते बराच वेळ हसले आणि मग म्हणाले, "हे लिहून दे अंकासाठी." या लेखाचा जन्म असा झाला.

परवलीच्या शब्दाचे तर त्याहून कठीण. डब्ल्यूपीए२ च्या नियमाप्रमाणे तो ८ ते ६३ चिन्हांचा असावा लागतो आणि ती चिन्हे इंग्रजी कळफलकावरची साधी अक्षरे, आकडे आणि खुणा यांपैकीच हवीत. म्हणजे देवनागरी परवलीला तिथे प्रवेश नाही. शिवाय काही कॅमेऱ्यांना देवनागरी नाव नीट दाखवताही येत नाही. ठोकळ्यांची रांग उमटते. म्हणून ज्या जाळ्यात कॅमेरा न्यायचा आहे, त्याचे नाव मी नाइलाजाने रोमन लिपीत, लहानसे ठेवते. परवलीचा शब्द मात्र मराठीच असतो, फक्त रोमन वेशात. आमच्या बोलीतले तीन-चार शब्द एकापुढे एक ठेवले की परक्याला ते ओळखणे अवघड. आई म्हणते तसे, आपली भाषा कुठे ना कुठे कामाला येतेच.

वेगाचा हिशेब एकदा कागदावर करून पाहिला की पुष्कळ भ्रम दूर होतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातला एक चांगल्या प्रतीचा फोटो सुमारे १० मेगाबाइटचा धरू. १ बाइट म्हणजे ८ बिट, तेव्हा ८० मेगाबिट झाले. प्रत्यक्ष वेग सेकंदाला २० मेगाबिट मिळाला तर एका फोटोला ४ सेकंद. वीस निवडक फोटो सव्वा-दीड मिनिटात जातात, उत्तम. पण लग्नाचे दीड हजार फोटो असेच पाठवू म्हटले तर ६,००० सेकंद, म्हणजे १०० मिनिटे लागतील, आणि तोवर बॅटरी संपलेली असेल. मोठ्या साठ्यासाठी कार्ड काढून संगणकाला लावणे हेच शहाणपणाचे. बिनतारीचे काम निवडक आणि तातडीचे.

आणि मांडवात वीस मेगाबिट तरी कुठले! २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, अर्ध्या वितीहून किंचित अधिक. वाटेत माणूस आला की त्याच्या अंगातले पाणी ती लहर बरीचशी शोषून घेते. पत्र्याचा मांडव असेल तर ती आदळून भलतीकडे परतते. त्यात शे-दीडशे फोन आपापली जाळी आणि ब्लूटूथ घेऊन हजर. अक्षता टाकायला गर्दी उठली की जोडणी तुटते ती यामुळे. मी फोन खिशात ठेवत नाही, कॅमेऱ्याच्या समोर, दोन-चार हातांवर उंच ठेवते आणि गर्दी बसली की पाठवते. कॅमेरा काही वेळाने आपोआप झोपी जातो, तेव्हा जोडणीही जाते. ती झोपेची वेळ तेवढ्यापुरती वाढवून ठेवावी.

वृत्तपत्रांचे छायाचित्रकार याच्या पुढे जातात. सामना चालू असतानाच त्यांचा कॅमेरा थेट कचेरीतल्या संगणकावर फोटो टाकतो. त्यासाठी वापरात असलेली एक जुनी पद्धत म्हणजे एफटीपी. हिची मूळ संहिता १९७१ च्या एप्रिलमध्ये अभय भूषण या भारतीय तरुणाने अमेरिकेत एमआयटीत शिकत असताना लिहिली. ते कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. तेव्हा आजच्यासारखा डिजिटल कॅमेराही नव्हता आणि वायफायही नव्हता. बिनतारी जाळे असलेले घरगुती कॅमेरे निकॉन आणि कोडॅकने आणले ते २००५ साली, म्हणजे चौतीस वर्षांनी, आणि त्या नव्या वाटेवरूनही ती जुनी गाडी चालू लागली. तिच्यात एक उणीव आहे: वापरणाऱ्याचे नाव आणि परवलीचा शब्द ती उघड्या पोस्टकार्डासारखे पाठवते. म्हणून कॅमेऱ्यात एफटीपीएस किंवा एसएफटीपी हा बंद पाकिटाचा पर्याय असेल तर तोच घ्यावा.

बंद पाकिटावरून आठवले. हळदीच्या वेळी बायका मोकळ्या असतात, पदराचे भान नसते, हसणे-रडणे मनापासूनचे असते. एका घरी मी फोटो घेत होते आणि बाजूच्या पाटावर फोनमध्ये ते एकेक उतरत होते. नवरीच्या आजीने ते पाहिले आणि विचारले, "पोरी, हे आमचे फोटू हवेतनं कुठं जातात गं?" मी म्हटले, "आजी, कुठं नाही जात, ह्या पेटीतनं त्या पेटीत." आजीने मान हलवली, पण तिचा चेहरा काही निवला नाही. आणि तिची शंका रास्त होती. कॅमेरा ते फोन ही वाट कुलपाची असते आणि तिला इंटरनेट नसते, तिथवर मी सांगितले ते खरे. पण फोनमध्ये उतरलेला फोटो पुढे तिथेच राहतो असे नाही. पुष्कळ फोन आपल्या संग्रहातला प्रत्येक नवा फोटो, इंटरनेट मिळताच, दूरच्या साठ्यात आपोआप चढवतात. शिवाय ब्लूटूथवरून फोनचे ठिकाण कॅमेऱ्याला मिळत असेल तर ते फोटोच्या पोटात लिहिले जाते. म्हणजे फोटो ज्याच्या हाती पडेल त्याला ते घर नकाशावर सापडेल.

यावर दादांचे आणि माझे मतभेद झाले. त्यांचे म्हणणे असे की गिऱ्हाईक घाईवर पैसे देते. माझे म्हणणे असे की बायकांनी मला आत घेतले ते विश्वासावर, आणि तो गेला तर उद्या माझीही गरज उरणार नाही. शेवटी ठरले ते असे. कामाला सिमकार्ड नसलेला जुना फोन घ्यायचा, त्याची आपोआप चढवण्याची सोय बंद ठेवायची, ठिकाण देणे बंद. हळदीचे फोटो बिनतारी पाठवायचेच नाहीत. ते कार्डावर राहतील. त्यातले कोणते बाहेर द्यायचे ते नवरीने निवडायचे, तिच्या भावाने नव्हे. दादांनी हे मान्य केले, थोडे कुरकुरत. आता ते स्वतःच गिऱ्हाइकाला ही अट सुपारी घेतानाच सांगतात.

राहिला भाड्याचा कॅमेरा. लग्नसराईत एक कॅमेरा पुरत नाही, दुसरा दिवसाच्या भाड्याने येतो. तो आपल्या स्टुडिओचे जाळे, परवलीचा शब्द, फोनची ओळख सारे लक्षात ठेवतो आणि परत जाताना ते बरोबर नेतो. एकदा असा कॅमेरा आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या यादीत आधीच्या सहा घरांची नावे तशीच होती. म्हणून कॅमेरा परत देण्याआधी बिनतारीच्या यादीत शेवटी असलेला 'जोडणीची माहिती पुसा' किंवा 'मूळ स्थितीला आणा' हा पर्याय चालवायचा, फोनच्या ब्लूटूथच्या यादीतूनही त्याचे नाव काढायचे, आणि कार्ड आपले आपल्याकडे ठेवायचे.